पावडर तळाला बसते

मु. सावरडोह, पातूरजवळ
शाळेची खोली
१७ ऑगस्ट १९६१

चि. सूर्यभान यास,

देवरावदादाचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे इथं खुशाल आहोत. मावशीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, ओल्या जमिनीवर बसून भांडी घासू नको. इथं रोज दुपारी पाऊस येतो आणि काळी माती चपलेला अशी धरते, की संध्याकाळी प्रत्येक जण दोन बोटं उंच होऊन परत येतो. बुधाजी म्हणतो, सरकारनं उंचीचा भत्ता द्यावा.

तू टोळी सोडून गेलास त्याला आठ दिवस झाले. गेलास तेव्हा मी पातूरला डास मारायच्या पावडरीच्या गोण्या आणायला गेलो होतो. परत आलो तर तुझी वळकटी नव्हती. चंद्रभानला विचारलं, "कावून गेला तो?" तो म्हणाला, "मले काय माहीत, साहेब?" आणि पंपाला तेल घालत बसला.

मला माहीत आहे तू का गेलास. गोदाबाईच्या दारात जे झालं त्यामुळे गेलास. स्वतंत्र देशात, सरकारी काम करणाऱ्या माणसाला एक बाई म्हणते, "नळी त्या कुणब्याच्या पोराले द्या, ह्याले बाहेर पंप मारू द्या, माह्या चुलीपाशी हा नको." तिच्या नातवाला हिवताप. पोरगं गोधडीखाली कुडकुडत पडलेलं. आणि तिला काळजी चुलीची! अरे, डास चावताना जात विचारतो का? तिच्या घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जे मरण लपून बसलं आहे ते मारायला तू आला होतास.

पण मीही गप्प बसलो नाही, हे तू विसरू नकोस. तुझा हात धरून तुला ओट्यावर घेतलं, तो हात सगळ्या गावासमोर वर केला आणि म्हणालो, "पाहून घ्या हा हात! हाच हात तुमच्या लेकरांना वाचवायला आला आहे!" भगवंतराव पाटील मान खाली घालून उभे होते. त्या गावानं तसं भाषण आजवर ऐकलं नसेल. आपण नागपूरला दीक्षा घेतली ती काय पुन्हा कोणाच्या अंगणात थांबण्यासाठी?

मग तू पाठ का दाखवलीस? अपमान करणाऱ्याला हेच तर हवं असतं. तू रेल्वेतली बदली खलाशाची जागा माझ्या शब्दावर सोडलीस. तुला सांगितलं होतं, कोळसा उचलण्यापेक्षा हे काम मोठं आहे. लाख माणसं तापानं मरत होती तिथं आता शंभर मरत नाहीत, आणि ते पुढाऱ्यांनी केलेलं नाही, पंप मारणाऱ्यांनी केलं आहे. हे मी रोज सकाळी टोळीला सांगतो. तू ऐकलं आहेस.

रविवारी अकोल्याला सभा होती. मी बोललो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. केशरबाई, त्या शिवणकाम शिकवतात त्या, नंतर भेटल्या. बऱ्याच गोष्टी झाल्या. ते पुन्हा कधीतरी.

पत्र मिळताच निघ. कचेरीला मी अजून काही कळवलेलं नाही, "आजारी" असं लिहिलं आहे. तोवर तुझी नळी मी स्वतः धरतो. तेवढाच व्यायाम.

मावशीला साष्टांग. तुला अनेक आशीर्वाद.

तुझा
देवरावदादा


सावरडोह
२८ ऑगस्ट १९६१

सूर्यभान,

जयभीम. पत्राचं उत्तर नाही. बडनेऱ्याहून आलेल्या एका गार्डाकडून कळलं, तू फलाटावर दिसतोस, सामान उचलतोस. म्हणजे हात-पाय शाबूत आहेत. पोस्टकार्ड मात्र उचलत नाही.

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

टोळीची जी दशा आहे ती तुला कळली पाहिजे. आपण पाच होतो. एका पंपावर चंद्रभान आणि तू, दुसऱ्यावर नत्थुजी आणि बुधाजी, आणि देखरेखीला मी. पंपवाला अंगणात बसून दट्ट्या मारणार, नळीवाला आत जाऊन भिंतीवर फवारणार. इतकं साधं काम. आता तुझ्या जागी मी आहे. खांदा रात्री उशीला टेकवत नाही. पण खांद्याचं सोड, चंद्रभानचा पंप मध्येच बंद पडतो. मी आत अंधारात, नळीतून थेंब थेंब, भिंतीवर ओघळ. मी ओरडतो, "मार की!" तर बाहेरून म्हणतो, "तुमी सांगा तं, कवा मारू, कवा थांबू." तुला तो असं कधी विचारत नव्हता. तू आतून काहीतरी गुणगुणायचास, मध्येच "हां चंद्या" म्हणायचास, आणि पंप चालायचा. मी गुणगुणून पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, बरं नाही वाटून राहिलं का?"

दुसरी जोडी ठीक असेल म्हणावं तर परवा एका घरात कणगीमागची भिंत पाहिली. कोरडी! पुढच्या भिंतींवर पांढरा थर, आणि जिथं डास बसतो तिथं काही नाही. बुधाजीला विचारलं. म्हणाला, "राहून गेली जी." तोच बुधाजी, जो पूर्वी माळ्यावर चढून फवारायचा.

मी काय केलं नाही? सकाळचं बोलणं वाढवलं. पनामाचा कालवा डासांनी कसा अडवून धरला होता, हजारो मजूर कसे मेले, शेवटी डास मारले तेव्हा दोन समुद्र कसे भेटले, सगळं सांगितलं. अंगावर काटा यावा असं बोललो. संपल्यावर बुधाजी बादलीत काठी फिरवत म्हणाला, "साहेब, तुमचे समुद्र भेटले, पण इथं पावडर तळाले बसली." नत्थुजी इतका हसला की त्याला ठसका लागला. पावडर पाण्यात विरघळत नाही, ढवळत राहावं लागतं, हे मीच त्यांना शिकवलं आहे. ते माझ्याच डोक्यावर मारतात.

मग चढाओढ लावली. शाळेच्या फळ्यावर दोन्ही जोड्यांची नावं, रोजची घरं. जास्त घरं करील त्याला माझ्याकडून भजी. पहिल्या दिवशी घरांची संख्या वाढली, आणि ती कोरडी भिंत त्याच दिवशीची. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकड्यांच्या जागी कोणीतरी एक डास काढला होता. डासाला चष्मा होता. हात वर करून तो भाषण करत होता. मी तो पुसला नाही. मास्तरांनी पुसला.

यात चेष्टा आहे, मला समजतं. चेष्टेला मी भीत नाही. दगडांच्या माऱ्यात बोललो आहे मी. पण समोरचा माणूस दगड मारतो तेव्हा निदान त्याचं लक्ष तुमच्याकडे असतं. ही माणसं माझ्याकडे पाहतात आणि लक्ष मात्र त्यांचं कुठंच नसतं.

काल संध्याकाळी माझा तोल गेला. पंप पुन्हा थांबला तेव्हा मी बाहेर येऊन चंद्रभानला म्हणालो, "तुला बरंच वाटत असेल. आता नळी तुझ्याच हाती यावी असं सगळ्या गावाला वाटतं." त्यानं दट्ट्यावरून हात काढला. मग म्हणाला, "दोन वर्सं झाले तुमच्यासंगं. एका ताटात जेवलो. आज तुमाले मी कुणबी दिसलो का?" त्यानं पंप भिंतीला टेकवून ठेवला, आपटला नाही, हे विशेष. रात्री तो शाळेच्या वऱ्हांड्यात झोपला. आज कामाला आला, पण बोलला नाही. निंदणाचे दिवस आहेत, घरी जातो, असं नत्थुजीला म्हणाला म्हणे. तो गेला तर टोळी मोडली. मग सावरडोहच्या पुढची गावं पोळ्याआधी होत नाहीत. फवारलेली भिंत सारवू नका म्हणून सांगता येतं, पण न फवारलेल्या भिंती बाया पोळ्याला सारवणार, मग नव्या सारवणावर पंप मारू देणार नाहीत, आणि सारा ताप त्या घरांत सुखानं नांदणार.

हे सगळं तुझ्या एका जाण्यानं.

महिनाअखेर मला कचेरीला खरं कळवावं लागेल. तुझं नाव कमी होईल आणि ती जागा दुसऱ्याला जाईल. हे मी भाऊ म्हणून लिहीत नाही.

देवराव
हिवताप निरीक्षक

ता. क. तुझा आरसा इथंच राहिला आहे. खिडकीत आहे. कोणी वापरत नाही, पण चंद्रभान रोज पुसतो.


मु. वाघजाळी, पातूरजवळ
६ सप्टेंबर १९६१

प्रिय सूर्यभान,

जयभीम. मागचं पत्र तू फाडलं असशील तर बरं केलंस. फाडलं नसेल तर आता फाड.

पहिल्यांदा बातम्या. टोळी मोडलेली नाही. सावरडोह संपलं, आम्ही वाघजाळीला आलो. इथं मुक्काम चावडीत आहे, छप्पर एका कोपऱ्यात गळतं, आणि तो कोपरा सर्वानुमते मला मिळाला आहे. महिना संपला तरी तुझं नाव मी कमी केलेलं नाही. का केलं नाही ते पुढं येईल. ते लिहायला मला वेळ लागतो आहे, म्हणून आधी छपराचं लिहिलं.

मागचं पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वऱ्हांड्यात चंद्रभानपाशी जाऊन बसलो. तो तीन दगडांच्या चुलीवर भाकर टाकत होता. मी म्हणालो, "मी जे बोललो ते चुकलं." तो म्हणाला, "हो." एवढंच. भाकर उलटली. मग मी विचारलं, "सूर्यभान का गेला, तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत हाय."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं, पण ऐकाले बसले नोयते. आज बसले."

मग त्यानं सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण माझे शब्द मध्ये आले की गोष्ट बदलते, असा माझा अलीकडचा अनुभव आहे.

"साहेब, तुमी आले त्याच्या आंधी सूर्यभान लय वेळ त्या बुढीसंगं बोलून राहिला होता. तिनं नाही म्हणलं तं हा हलला नाही. म्हणे, 'आजी, मी दारातून जात नाही अन् आतबी येत नाही, तू माह्यासंगं भांडून घे.' ती भांडली. हाबी भांडला. तिनं शिवी देल्ली तं म्हणे, 'ही शिवी माह्या मायले येते, दुसरी सांग.' बुढी हासली जी! त्यानं तिले पष्ट सांगतलं, नळी मी कोणाले देणार नाही, ही माही हाय. ती काही हो म्हणली नोयती. पण फवाऱ्यासाठी घागर उचलून बाहेर ठेवली होती. तेवढ्यात तुमी आले. त्याचा हात धरला, वट्यावर घेतलं, अन् सुरू झाले. त्याचं तोंड पाहिलं का तुमी? तुमी गावाकडं पाहून राहिले होते. आमी पाहिलं."

मी म्हणालो, "मी जे बोललो त्यात खोटं काय होतं?"

"खोटं काहीच नोयतं. पण तिनं त्याले अंगणात थांबवलं, अन् तुमी त्याले वट्यावर उभं केलं. दोघायनंबी त्याले इचारलं नाही."

सूर्यभान, मी आजवर पुष्कळ वाचलं. समोरच्याला निरुत्तर कसं करावं हे मला चांगलं येतं. त्या संध्याकाळी समोर कोणी वक्ता नव्हता, हाताला पीठ लागलेला एक माणूस होता. भाकर त्यानं मला दिली. करपली होती. मी खाल्ली.

तरी तुला हे सांगितलं पाहिजे, की मी सबंध बदललो असं समजू नकोस. कोणाच्या दारात उभं राहून, गोड बोलून, हसवून, आपला हक्क मिळवावा लागतो हे मला आजही सहन होत नाही. तू भांडत होतास हे चंद्रभान सांगतो म्हणून मी मानतो. पण तुला तिथं अर्धी घटका भांडावं लागावं, हाच अपमान आहे, असं मी म्हणेन, आणि शंभर सभांत म्हणेन. फक्त ते म्हणताना तुझा हात वर करायचा मला अधिकार नव्हता. तो हात तुझा होता. त्या हातात नळी होती. ओट्यावर चढवताना मीच ती तुझ्या हातातून काढून खाली ठेवली. हे मला आता आठवतं. गोदाबाईला जे हवं होतं ते शेवटी मीच केलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी टोळीला म्हणालो, "पुन्हा असं घर आलं तर काय करायचं, ते तुम्ही ठरवा. मी ऐकतो." त्यांना वाटलं असेल, ही भाषणाची सुरुवात आहे. मी थांबलो. नत्थुजीनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "माह्यं इचाराल तं नळी बदलाची अन् काम उरकाचं. दिवस बुडाच्या आत परत येऊ." माझ्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. मी सुपारी चावली. बुधाजीनंच त्याला उत्तर दिलं, "तुह्यं उरकते रे. नळी माह्या हातातून जाते, तुह्या नाही." ते दोघं भांडले. दोन वर्षं एका पंपावर काम करणारी माणसं ह्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. मीच बोलत होतो ना आजवर. त्यांना जागा कुठं होती?

शेवटी ठरलं ते चंद्रभाननं मांडलं. नळी ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती राहील. घरवाले नाही म्हणाले तर नळीवाल्याला विचारायचं, दारात थांबायचं की ते घर सोडून पुढं जायचं. तो म्हणेल तसं सगळे करतील. दोन्ही पंप. एका घरासाठी नळी बदलायची नाही. नत्थुजी कुरकुरला, पण हो म्हणाला.

"अन् साहेब," चंद्रभान म्हणाला, "त्या टायमाले तुमी बोलाचं नाही."

मी हात वर केला. मत द्यायला.

दुसऱ्या दिवशीपासून जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी काही नवीन सांगितलं नव्हतं. पगार तोच, चिखल तोच. पण बुधाजी कणगी स्वतः सरकवून मागं शिरला आणि आतून ओरडला, "नत्थ्या, मार जोरात, इथं त्यायचं गाव वसलं हाय!" सकाळी निघण्याआधी आम्ही चौघं, म्हणजे मी धरून, पाच-दहा मिनिटं बसतो. कुठल्या आळीत कोण अडवेल, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण आधी जाईल. मी शेवटी बोलतो. पुष्कळदा बोलायला काही उरत नाही. बुधाजी तेवढ्यात बादली ढवळून मोकळा होतो आणि म्हणतो, "आज पावडर वर हाय."

आता दुर्गाबाईचं घर.

वाघजाळीत शिरताना तिसरं घर तिचं. मोठं अंगण, दोन बैलजोड्या, पोळ्यासाठी शिंगं रंगवायची चाललेली. त्या दिवशी नळी माझ्या हातात आणि पंपावर चंद्रभान. दुर्गाबाईनं आम्हांला पाहिलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मोठ्या आदरानं म्हणाली, "साहेब, तुमी कावून तरास घेता? तुमी वट्यावर बसा, चहा घ्या बाहेर. नळी ह्या पोराले द्या, तो करून घेईन आत."

बाहेर, म्हणाली. चहासुद्धा बाहेर.

तुला सांगतो, माझ्या डोक्यात वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य तर इतकं चांगलं होतं की मला अजून त्याचं वाईट वाटतं. गावातली पंधरा-वीस माणसं बैलांपाशी जमलेली, म्हणजे सभाही तयार. पण बोलायची मला बंदी होती, आणि त्या बंदीला मीच मत दिलं होतं. तेव्हा मला प्रथमच नीट दिसलं, की तिथं उभं राहणं म्हणजे काय असतं. मी आजवर अशा दारांविषयी बोललो. त्या दारात हातात काम घेऊन उभा राहिलो नव्हतो. कान तापतात. पायाखालची जागा आपली नाही असं वाटतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, सगळे आपल्याकडे पाहतात आणि आपल्याशी कोणी बोलत नाही.

चंद्रभान पंपावरून उठला. मला वाटलं, आता हा माझ्या बाजूनं बोलणार. मनातून मला ते नको होतं, आणि नको का होतं हे त्याच क्षणी समजलं. तो बोलला नाही. माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, थांबाचं का पुढं जाचं?"

एवढंच. दोन वर्षांत मला कोणी विचारलेला तो सर्वांत मोठा प्रश्न. मी म्हणालो, "पुढं."

त्यानं पंप उचलला. पलीकडच्या आळीतून बुधाजी-नत्थुजींनीही उचलला, कारण दुर्गाबाईच्या दिराचं घर त्यांच्या वाट्याला होतं आणि त्यानं "आमच्याइथं तं या" म्हणून हाक मारली होती. नत्थुजी त्याला म्हणाला, "वहिनीचं झालं का तुमचं करतो, भाऊ. आमी जोडीनं हाव." तोच नत्थुजी!

रात्रभर मला झोप नव्हती, पण ते गळक्या छपरामुळे असं मी सगळ्यांना सांगितलं. सकाळी आम्ही त्या आळीतून जात होतो. दुर्गाबाईचं अंगण भांड्यांनी भरलेलं. घागरी, हंडे, पाट्यावरचा वरवंटा, देवाचा पाटसुद्धा फडक्यात गुंडाळून तुळशीपाशी. रात्री दिरानं काही म्हटलं की सुनेनं, मला माहीत नाही. ती आमच्याशी बोलली नाही. आमच्याकडे पाहिलंही नाही. दार उघडं होतं.

मी आत गेलो. चुलीमागची भिंत, शिंक्याखालची, देवळीच्या बाजूची, सगळी फवारली. पंप एकदाही थांबला नाही, आणि मी गुणगुणत नव्हतो. बाहेर आलो तर दुर्गाबाई बादली घेऊन उभी. माझ्या पाठोपाठ तिनं उंबरठा धुतला. माझ्या देखत, भरभरून पाणी ओतून.

ते सगळं भाषण पुन्हा छातीत उसळून आलं. मी वळलो. बुधाजी शेजारच्या दारातून पाहत होता. तो माझ्याहून वयानं मोठा, त्यानं असे उंबरठे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिले आहेत. तो म्हणाला, "धू दे, साहेब. भित तं नाही धुतली."

आम्ही पुढच्या घरी गेलो. उंबरठ्याचा हिशेब मी सोडलेला नाही. तो कधीतरी मागायचाच आहे. पण त्या घरात ह्या हंगामात कोणी तापानं कुडकुडणार नाही, आणि ते काम आमच्या हातांनी झालं. त्या दोन गोष्टी एकाच सकाळी खऱ्या होत्या. एवढं मोठं सत्य माझ्या एकाही भाषणात मावलं नसतं.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लांबत चाललं आहे.

अकोल्याच्या सभेबद्दल मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, टाळ्या पडल्या म्हणून. कशावर पडल्या ते लिहिलं नव्हतं. तुझ्यावर पडल्या. मी तुझी गोष्ट सांगितली, नावगावासकट. बडनेऱ्याचा सूर्यभान, माझा मावसभाऊ. ओट्यावर जे एकदा केलं ते हजार माणसांसमोर पुन्हा केलं. तेव्हा तू तर तिथं नव्हतासही. सभा संपल्यावर केशरबाई जवळ आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे मी व्यासपीठावरूनच पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "मंग आता कुठी हाय तो पोरगा?"

तू चार दिवसांपूर्वी निघून गेला होतास. मी म्हणालो, "कामावर आहे."

मावशीला ही गोष्ट बडनेऱ्यात कोणाकडून तरी कळली असणार. तुलाही. म्हणूनच पोस्टकार्ड नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं.

परवा पावडरीसाठी अकोल्याला गेलो तेव्हा मुद्दाम केशरबाईंकडे गेलो आणि खरं सांगितलं. त्या मशीनवर पोरींना काज करायला शिकवत होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "मंग इथं काय सांगून राहिले? आणाले जा ना त्याले." सगळ्या पोरी खाली मान घालून हसल्या.

तर असं आहे. पोळा झाला की सोमवारी आमची टोळी मोर्शीकडे मदतीला जाते. संत्र्यांच्या बागांमध्ये पाणी साचून तिकडे ताप वाढला आहे. सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून आम्ही बडनेऱ्याला उतरू, तिथून अमरावती, पुढं मोर्शीची मोटार. बडनेऱ्याला अर्धा तास तरी मिळेल. तू फलाटावर असतोसच.

तू आलास म्हणजे माझं अकोल्याचं खोटं खरं होईल, म्हणून ये असं मी म्हणत नाही. लाखो माणसांचा ताप, देश, धम्म, ह्यांतलंही काही म्हणत नाही. ते सगळं तुला ठाऊक आहे आणि तू ते न बोलता करत होतास. तुला रेल्वेतच राहायचं असेल तर तसं सांग. तुझी बदली जागा गेली ती माझ्यामुळे, मी स्टेशनमास्तरांना जाऊन भेटेन, आणि तिथंही थोडक्यात बोलेन. नाव कमी करायचं की नाही ते तू ठरव. म्हणूनच मी ते केलेलं नाही. तुला विचारायचं राहिलं होतं.

टोळीतलं आणखी एक. नळी मी धरतो तेव्हा चंद्रभान पंप नीट मारतो, तक्रार नाही. पण काम संपल्यावर ती माझ्याकडून घेतो, धुतो आणि तुझ्या आरशाशेजारी उभी करतो. काल नत्थुजी त्याला म्हणाला, "अबे, लग्न लावतं का त्या नळीचं?" तो म्हणाला, "ज्याची हाय त्याच्यासाठी सांभाळून ठेवून राहिलो."

सोमवारी ती नळी चंद्रभानच्या खांद्यावर असेल. मी मागं असेन, गोण्यांपाशी. फलाटावर मी काही बोलणार नाही, तुझा हात धरणार नाही. हे मी आधीच लिहून देतो, कारण गर्दी पाहिली की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. चंद्रभान तुला जे विचारायचं ते विचारील. तू पुढं म्हणालास तर पुढं, थांब म्हणालास तर आम्ही चहा पिऊन निघू, आणि तो चहा तू पाजशील एवढीच अट.

मावशीले सांगजो, गुडघ्याले तीळतेल लाव म्हणा, अन् तिच्या ह्या भाच्यावर राग असेल तं सोमवारी टेसनावर येऊन चार माणसांत काढ म्हणा. मी ऐकून घेईन.

येजो बाबू. वाट पाहून राहिलो.

तुहा
देवरावदादा